सातवीच्या मांडीवरचं बाळ

हे वर्णन खरं म्हणजे मी सरकारसाठी लिहिणार होतो. ‘जिंतूर तालुक्यातील पांगरदरी येथील कोरीव लेण्याची हकीकत’ असा भारदस्त मथळाही झोकात लिहून झाला होता. त्याखाली पुढे एक ओळ उमटली नाही. आता उमटणारही नाही. पण पाहिलेलं डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून ज्यांनी ते लेणं पाहिलेलं नाही आणि वाट वाकडी करून कधी पाहतीलसं वाटत नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

मी मूळचा वाईचा. निजामाचं राज्य गेलं, इकडच्या शाळा उर्दूच्या मराठी झाल्या आणि मराठी शिकवणाऱ्या मास्तरांचा दुष्काळ पडला. तेव्हा ‘दोन वर्षं काढू, मग बघू’ असं म्हणत मी बिऱ्हाड घेऊन परभणीला आलो. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. इथल्या धुळीला, विहिरीच्या मचूळ पाण्याला आणि चहातल्या ढीगभर साखरेला मी रोज नावं ठेवतो. माणसं मात्र जीव लावणारी आहेत, हे आमच्या वाईकरांना कितीही सांगा, पटत नाही.

भुजंगराव त्यांतलेच एक. जुन्या हैदराबाद राज्याच्या पुराणवस्तू खात्यात त्यांनी उभी हयात काढली. मोजपट्टी घेऊन डोंगर पालथे घालायचे, मूर्ती मोजायच्या, ओळखायच्या, नोंदवायच्या. संस्कृत घरी वडिलांजवळ शिकले, बाकी सगळं शिक्षण उर्दूत. मूर्तिलक्षणांचे श्लोक तोंडपाठ, पण मराठीत चार ओळींचा अर्ज लिहायचा म्हटलं की कपाळाला घाम. मुंबईच्या राज्यात आम्ही गेलो त्यानंतरच्या हिवाळ्यात ते एका सकाळी आमच्याकडे आले आणि टोपी मांडीवर काढून ठेवून म्हणाले, “मास्तर, आता राज्य मुंबईचं. माझी दरखास्त उर्दूत. ती तिथे सुलटी धरलीय की उलटी, हेसुद्धा कोणाला कळायचं नाही. तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहा आणि खणखणीत मराठीत लिहून द्या. लेणं सरकारी देखरेखीच्या यादीत चढलं, दाराशी एक चौकीदार बसला, की मी डोळे मिटायला मोकळा.”

“एवढी घाई कसली?” मी म्हटलं. “इतकी शतकं टिकलंय ना?”

“सात माता आहेत तिथे. प्रत्येकीच्या मांडीवर एक मूल होतं. सहा मुलं गेली, मास्तर. एकच राहिलंय.”

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की घरातलंच कोणी गेलं असावं. आत भाजी चिरण्याचा आवाज थांबला. भुजंगराव गेल्यावर कुसुम बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, मीपण येते.”

कुसुमला तेव्हा पाचवा महिना होता. आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. दुसरी मुलगी झाली, ती बारशापर्यंत पोचली नाही. त्यामुळे या खेपेला मी हिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हतो, आणि ही बैलगाडीतून डोंगरात यायचं म्हणत होती. मी कपाळावर हात मारला.

“शेजारच्या काकू सांगत होत्या,” ती म्हणाली, “तिथे जाऊन आलेल्या बायकांची मुलं जगतात.”

“मग दवाखाने कशाला बांधलेत?”

“दवाखान्यात दोनदा जाऊन आले की.”

मी जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं. सावकाश जा, गाडीत गवत भरून घ्या, धक्के बसू देऊ नका, एवढंच त्या म्हणाल्या. माझा नाइलाज झाला आणि आम्ही तिघं निघालो.

जिंतूर

मोटारीचा प्रवास सांगण्यात अर्थ नाही. बोरीच्या अलीकडे तिच्या तोंडातून वाफ निघू लागली, एका शेतकऱ्याने घागरभर पाणी पाजलं, तेव्हा ती पुढे सरकली. ड्रायव्हर उतरून शांतपणे विडी ओढत होता. मी तणतणलो तर म्हणाला, “मास्तर, गरम झालीय, निवू द्या. माणूस असतं तर तुमी पंख्यानं वारं घातलं असतं.” गाडीतले सगळे हसले.

जिंतूरला भुजंगरावांच्या एका चुलतबहिणीकडे मुक्काम होता. ज्वारीची भाकरी, भाजून दळलेल्या धान्याच्या येसराची आमटी, वरून कच्चं तेल, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडल्याखेरीज तिला आमटी म्हणत नाहीत. मी गूळ मागितला तर यजमानीणबाईंनी तो वेगळ्या वाटीत, सोबत पाण्याचं भांडं घेऊन आणला. पाहुण्यांना काही औषध घ्यायचं असेल असा त्यांचा समज झाला होता. कुसुम किती दिवसांनी मोकळं हसली! जेवलीही पोटभर. त्या घरातल्या बायकांनी तिला मधोमध बसवून ‘डोहाळे काय लागले’ म्हणून इतकं छळलं, की माझी चिडचिड कुठल्या कुठे गेली.

तिन्हीसांजेच्या आधी भुजंगराव मला गावातल्या विहिरीवर घेऊन गेले. तिथे एक बाई दगडावर धुणं आपटत होती. भुजंगरावांनी तिची माफी मागितली, दगडावरचं पातळ बाजूला करवलं आणि उकिडवं बसून त्या दगडाखाली बोटं घातली.

“पाहा मास्तर. देवळाच्या दारावरचा दगड आहे. पालथा पडलाय. खाली गणपती आहे, सोंड हाताला लागते.”

मी बोटं घातली. गार, ओलसर वळण लागलं खरं. बाई घाबरून म्हणाली, “अगं बया! म्हंजी मी देवाच्या पाठीवर धुनं धुवायले व्हय इतके दिस?” भुजंगराव तिला म्हणाले, “धू, बाई, धू. पालथा आहे म्हणूनच वाचलाय.” परतताना ते मग म्हणाले, “लोक वाईट नाहीत, मास्तर. कोणी हातोडा घेऊन येत नाही. भक्तीनंच झिजवतात. त्यांच्याशी भांडायचं तरी कसं?”

पांगरदरी

दुसऱ्या दिवशी बैलगाडी. पौषाची थंडी, दोन्ही अंगांना कणसात आलेली ज्वारी, मध्येच करडईचे पिवळे पट्टे. वाईहून येणाऱ्याला इथलं आकाश अंगावर येतं. आमच्याकडे कुठेही पाहिलं तरी डोंगर आडवा येतो आणि बरं वाटतं. इथे नजर जाते आणि जातच राहते. मला त्या मोकळ्या रानात नेहमी थोडं उदास वाटतं. पुढे जमीन उंचसखल झाली, माती जाऊन मुरूम आला, आणि पानं झडलेल्या सागांमधून एक बुटका, बोडका डोंगर दिसू लागला. त्याच्या पोटात ते लेणं.

डोंगराच्या पायथ्याशी एका धनगर कुटुंबाचं खोपट आणि मेंढरांचा वाडा आहे. नवरा कळप घेऊन रानात गेला होता, बायको घरी होती. तिचं नाव गिरजा. कपाळावर आडवं कुंकू, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. भुजंगराव वर्षानुवर्षं येतात, त्यामुळे ती त्यांना ‘पंत’ म्हणून हक्काने दटावते.

“या पंत! औंदा लय उशीर केलाव. म्या म्हनलं, पंत आता येत न्हाईत, गेले वाटतं.”

“गेले म्हणजे कुठे?”

“वर!” असं म्हणून ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिची नजर कुसुमवर गेली. लगेच पुढे होऊन तिने कुसुमला हाताला धरून गाडीतून उतरवलं. “बाई, पोटुशी हाव व्हय? कितवा? दमानं, दमानं. आधी दूध प्या, मंग वर जाऊ. म्या घिऊन जाते तुमाला.”

मेंढीचं तापवलेलं दूध तिने काशाच्या वाटीत दिलं. मला वास सोसेना. कुसुमने मात्र डोळे मिटून वाटी रिकामी केली.

लेणं

पायऱ्या कोरलेल्या आहेत, पण निम्म्या फुटलेल्या. वर गेल्यावर चार जाड खांबांचा ओटा, आत अंधार, आणि मेंढरांच्या लेंड्यांचा उग्र दर्प. पावसाळ्यात कळप इथेच बांधतात. दाराबाहेर उजवीकडे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, पाणी बर्फासारखं गार.

भुजंगरावांनी पोतडीतून एक जुन्या कपाटाचा आरसा काढला. लेणं पूर्वाभिमुख आहे. त्यांनी आरसा ओट्यावर दगडांचं टेकण देऊन उन्हात उभा केला आणि मला पांढरं धोतर धरून आत उभं केलं. आरशातलं ऊन धोतरावर पडलं आणि धोतरावरून सगळ्या भिंतीवर मऊ उजेड पसरला. “बॅटरीच्या झोतात मूर्ती मरते,” ते म्हणाले. “हा उजेड तिला सोसतो.” ऊन सरकेल तसा ते बाहेर जाऊन आरसा हलवत आणि मला “डावीकडे, थोडं खाली, बस” असं ओरडून सांगत. माझे हात भरून आले, पण मी तक्रार विसरलो. अंधारातून एकेक देव पुढे येत होता.

गाभाऱ्यात शिवलिंग. दाराच्या दोन्ही अंगांना गंगा आणि यमुना, त्यांचे चेहरे झिजलेले. डाव्या भिंतीवर नाचणारा शंकर, पण अर्धाच. कमरेखाली नुसता खडक. छिन्नीच्या रेघा इतक्या ताज्या, की कारागीर पाणी प्यायला गेलाय आणि येईल असं वाटावं. भुजंगराव म्हणाले, “इथे दोन हात काम करत होते. या बाजूच्या रेघा पाहा, उलट्या तिरप्या आहेत. हा माणूस डावखुरा होता. सबंध लेण्यात त्याचं काम मला ओळखू येतं.” 

आणि उजव्या भिंतीवर त्या सात जणी.

एका ओळीत बसलेल्या, एक पाय खाली सोडून, एक मुडपून. भुजंगरावांनी आसनाखालची वाहनं दाखवत ओळख करून दिली. हंस म्हणून ब्राह्मी, नंदी म्हणून माहेश्वरी, मोर, गरुड, म्हैस, हत्ती. गावकऱ्यांना यातलं काही ठाऊक नाही. सात बायका आणि शेजारी पाण्याचं टाकं, म्हणजे या पाण्यातल्या साती आसराच, असं त्यांनी कधीच ठरवून टाकलेलं. त्यांना ओटी भरायची, हळद लावायची. आणि ज्या बाईचं लेकरू जगत नाही किंवा होतच नाही, तिने टाक्यातलं पाणी आणायचं, गुळगुळीत गोटा घ्यायचा, आणि मातेच्या मांडीवरच्या दगडी बाळावर तो उगाळायचा. बाळगुटी उगाळतात तसा. जो करडा लेप निघेल तो बोटाने जिभेला लावायचा.

किती पिढ्या हे चाललंय देव जाणे. सहा जणींच्या मांडीवर आता मूल नाही. मुलाच्या जागी सहाणेसारखा गुळगुळीत खळगा आहे. एकीच्या खळग्याला धरलेला हात तेवढा उरलाय, तो रिकाम्या जागेला सावरून बसलाय. मी धोतर धरून उभा होतो आणि मला फार वाईट वाटलं. आयांना मुलं व्हावीत म्हणून या आयांची मुलं संपली होती.

“आता सातवी पाहा,” भुजंगराव हलकेच म्हणाले आणि आरसा फिरवायला बाहेर गेले.

उजेड सरकत गेला. सातवी चामुंडा. हाडांचा सापळा, खोल गेलेले डोळे, पोट पाठीला लागलेलं, गळ्यात मुंडकी, आसनाखाली प्रेत. आणि तिच्या मांडीवर एक गुबगुबीत बाळ, अगदी शाबूत. एक मूठ तिच्या सुकल्या स्तनावर, मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहणारं. नाक, कान, दंडावरच्या वळ्या, सगळं जिथल्या तिथे. आणि ती सापळ्यासारखी बाई खाली वाकून त्याच्याकडे पाहत होती. इतकी माया मी कुठल्या देवीच्या तोंडावर पाहिली नाही.

“मी पाहिलेल्या लेण्यांत चामुंडेला मूल देत नाहीत,” भुजंगराव माझ्यामागे येऊन म्हणाले. “या डावखुऱ्यानं दिलं. या एका बाळासाठी माझी सगळी दरखास्त आहे, मास्तर. हे आहे तोवर लेणं आहे. हे गेलं की मुंबईचा साहेब येऊन म्हणेल, काय राहिलंय इथे?”

कुसुम खांबाला टेकून हे सगळं ऐकत होती. ती त्या बाळाकडे टक लावून पाहत होती. मी धोतराची घडी केली. गिरजा पुढे येऊन म्हणाली, “आता बाप्यांनी भाईर जावा. बायांचं काम हाय.” मी कुसुमकडे पाहिलं. तिने माझी नजर टाळली. काय होणार ते मला कळलं होतं, आणि त्या सहांतल्या एखाद्या रिकाम्या खळग्यात गोटा फिरवून हिच्या मनाला उभारी येत असेल तर येऊ दे, असं म्हणून मी बाहेर आलो.

आम्ही ओट्यावर बसून दशम्या सोडल्या. मी विचारलं, “सहा झिजल्या, मग सातवी कशी वाचली?”

भुजंगराव हसले. लाजल्यासारखे. “मी थाप मारली.”

“म्हणजे?”

“आधी बोर्ड लावला होता. त्याला बकऱ्या बांधायला लागले. हात जोडून सांगितलं, तर माना डोलावल्या आणि पुन्हा उगाळायला बसल्या. सहावीचं मूल माझ्या डोळ्यांदेखत गेलं, मास्तर. मग एका जत्रेला सगळ्या बायका जमल्या होत्या, तेव्हा सांगून टाकलं, की ही सातवी आसरा नव्हे. ही लेकरं खाणारी. मांडीवरचं मूल तिचं नाहीच, पळवून आणलंय. जी हात लावील तिचं लेकरू ही घेईल. तिचं रूपच तसं, तेव्हा लगेच पटलं. त्या दिवसापासून कोणी बोट लावलेलं नाही. पुराणवस्तू खात्याच्या इतिहासात एवढा गुणकारी बोर्ड कोणी लावला नसेल!”

मीही हसलो. पंडित माणसाने हे करावं याची मला गंमत वाटली. आमचं हसणं संपलं नव्हतं तोच आतून तांब्या पडल्याचा आवाज आला आणि गिरजा किंचाळली.

आत धावलो. कुसुम सातवीसमोर गुडघे टेकून बसली होती. हातात ओला गोटा, बोटाला करडा लेप, जिभेलाही लागलेला. बाळाच्या गालावर रुपयाएवढा ओला, पांढुरका डाग उमटला होता. सांडलेलं पाणी गिरजाच्या पायाशी पसरत होतं.

“बाई, काय केलंव हे! हिला कशापाई हात लावलाव! आगं माय माय...”

“का?” कुसुम भांबावून म्हणाली. “तिथे तर बाळच नाही. नुसते खळगे. खळग्याकडे काय मागायचं? बाळ इथेच होतं, म्हणून...”

गिरजा आणखी पाणी आणायला गेली तेवढ्यात हे झालं होतं. आणि गिरजाने तिला आधी सावध का केलं नव्हतं? कारण पोटुशी बाईपुढे त्या सातवीचं नाव काढायचं नाही, असा तिथे दंडक आहे. नाव काढलं तरी तिचं लक्ष जातं म्हणे. ती जुनी पाटी अजून असती तर निदान कुसुमने वाचली असती.

आता मात्र गिरजाला राहवेना. रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं, लेकरं खाते ते, पळवून आणते ते. कुसुमचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दोन्ही हात पोटावर धरले. मी भुजंगरावांकडे पाहिलं. ते त्या बाळाकडे पाहत होते. एक क्षण मला वाटलं, हा माणूस गप्प राहणार. तो क्षण मी विसरणार नाही. पण ते पुढे झाले आणि त्या लेंड्यांत कुसुमसमोर मांडी घालून बसले.

“वहिनी, इकडे पाहा. हे खोटं आहे. मी रचलेलं आहे. मूर्ती वाचावी म्हणून मीच ही थाप मारली. ही देवी आई आहे, सगळ्यांत मायाळू. गिरजा, तूही ऐक. सगळ्या गावाला सांग. मी खोटं बोललो होतो.”

म्हणजे स्वतःच्या हाताने त्यांनी त्या बाळाचं कुंपण मोडलं. त्यांना ते कळत होतं. 

गिरजाने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे अपार दयेने पाहिलं. “पंत, लय मोठ्या मनाचे हाव तुमी. पोटुशीला धीर द्यायला असंच बोलाव लागतंय.”

“अगं धीर नव्हे! जानव्याची शपथ घेतो. खरंच मी रचलं.”

“कसं रचलाव? माझ्या जावंनं हात लावला हुता. तुमी सांगितल्याच्या दुसऱ्या साली. तिला म्हाईत नव्हतं, नवी नवरी. तिचं लेकरू गेलंच की. मंग खालच्या आळीतल्या पारीचं. तुमच्या तोंडून देवीच बोलली, पंत. तुमाला ठावं नसंल.”

 हे भुजंगरावांना ठाऊकच नव्हतं.  मी कुसुमला उठवलं. तिचा हात टाक्यातल्या पाण्यासारखा गार होता.

खाली आल्यावर गिरजाने भाकरीचा तुकडा, हळदीचा भात आणि लिंबाचा पाला कुसुमवरून उतरवून ओढ्यात टाकला. एरवी मी आरडाओरडा केला असता. त्या दिवशी टोपी काढून उभा राहिलो. तिच्यासारखी कळवळ्याने उतरवणारी आपल्या घरातसुद्धा कोण होती?

परत

येताना करडईचे पिवळे पट्टे तेच होते, मला ते बघवेनात. एकदाच कुसुम म्हणाली, “पंत खरं कधी बोलले? तेव्हा की आज?”

“आज.”

“तुम्ही म्हणता तर असेल.” आणि ती दुसऱ्या बाजूला पाहू लागली.

पुढचे महिने मी तिला सगळ्या तऱ्हांनी समजावलं. शास्त्र सांगितलं, रागावलो, विनवलं. भुजंगराव तर दर आठवड्याला येत, तेच पुन्हा सांगत, आणि जितकं जास्त सांगत तितका तिचा विश्वास उडत जाई. खऱ्याला एवढ्या शपथा लागत नाहीत, असं ती एकदा मला म्हणाली. सरकारची हकीकत लिहायला मी बसे आणि मथळ्यावरून हात पुढे सरकत नसे. शेवटी भुजंगरावांनी आपल्याच मोडक्या मराठीत अर्ज पाठवून दिला.

वैशाखात मुलगा झाला. गोरा, नाकेला, दंडावर वळ्या. पाचवी पुजायची तयारी शेजारच्या काकूंनी करून ठेवली होती. ती तशीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की श्वासाचा हाच दोष आधीच्या दोघांनाही असणार, यात कोणाचा काही अपराध नाही. मी धावत जाऊन ते कुसुमला सांगितलं. आधीची दोन गेली तेव्हा आपण पांगरदरीचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, असंही म्हटलं.

ती छताकडे पाहत म्हणाली, “त्या दोघांच्या वेळी मी काही केलं नव्हतं. या वेळी केलं.”

भुजंगराव आले ते पाऊसकाळ सुरू झाल्यावर. पांगरदरीला जाऊन आले होते. उंबऱ्यातच उभे राहिले, आत यायला धजेनात. मीच हात धरून आणून बसवलं. मला त्यांचा राग येतो का, असं लोक विचारतील. येतो. आणि त्यांच्याइतकी कीवही मला कोणाची येत नाही.

सरकारचा जबाब आला होता. लेणं फार झिजलेलं, सबब यादीत घेता येत नाही. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

“मग आता त्या बाळाचं कसं?” मी विचारलं.

ते खाली मान घालून बसले. “आता त्याला कोणी हात लावणार नाही, मास्तर. गिरजाला जिंतूरच्या बाजारात कळलं. तुमच्या घरचं. गावानं सातवीपुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलंय. बाया त्या भिंतीकडे बघतसुद्धा नाहीत. मी पुन्हा सांगून पाहिलं की मी खोटं बोललो होतो. मलाच पाणी प्यायला दिलं त्यांनी, आणि म्हणाल्या, पंत, आता वय झालं, इतकं मनाला लावून घेऊ नका.” एवढं बोलून हा पंडित माणूस आमच्या ओसरीवर ढसढसा रडला.

कुसुम दारात येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“पंत,” ती म्हणाली, “मी घासलं होतं, तो गाल कसा आहे?”

“डाग पडलाय, वहिनी. थोडासा. बाकी सगळं शाबूत आहे.”

“आणि ती बघते ना त्याच्याकडे? तशीच?”

“बघते.”

“मग असू दे,” कुसुम म्हणाली. “एक तरी राहू दे.” आणि ती चहाचं आधण ठेवायला आत गेली.